पेन्शनीवर आलेला मेजर

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात आणि कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातली टाकळी 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ जण कामी आले. ब्रिटिशांनी गावात त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला, पण भरती काही थांबली नाही. आजा, बाप, नातू अशी ओळच्या ओळ फौजेत जात राहिली. अशा गावात बाहेरच्या माणसानं एक खबरदारी घ्यावी. पारावर बसलेल्या, धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याला 'ओ आजोबा' अशी हाक मारून पत्ता विचारू नये. 'मेजर' म्हणावं. मग नुसता पत्ता मिळत नाही. म्हातारा उठून घरापर्यंत सोडायला येतो, वाटेत चहा पाजतो आणि लेहची थंडी सांगतो.

हे मेजर कागदोपत्री लान्स नाईक असतात, नाईक असतात, फार तर हवालदार. गावाला त्याच्याशी कर्तव्य नाही. लष्करात बढतीसाठी परीक्षा, कोर्स, जागा, गोपनीय अहवाल अशा सतरा भानगडी, गावात एस.टी.तून उतरून काळी ट्रंक खांद्यावर घेतली की माणूस मेजर. परवापर्यंत जो पन्नास जणांना सॅल्यूट ठोकत होता, त्याला आता ग्रामपंचायतीचा शिपाई सॅल्यूट ठोकतो. आणि गावातलाच एखादा पोरगा खरोखर एनडीए करून मेजर झाला तर? त्यालाही 'मेजर'च. त्याच्या वरची पायरी गावाकडं नाही.

फौजेतली निवृत्ती आणि इतरांची निवृत्ती यांत वयाचा मोठा फरक आहे. शिक्षक, तलाठी, बँकेतला कॅशिअर साठीच्या आसपास घरी बसतो. तोवर गुडघे गेलेले, साखर वाढलेली, घरी बसणं अंगवळणी पडायला शरीर तयार. फौजी साडेसतराव्या वर्षापासून भरतीला उभा राहू शकतो, पंधरा वर्षं नोकरी झाली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि बढती मिळाली नाही तर पस्तिशी-चाळिशीतच तो घरी. सुभेदार मेजरपर्यंत पोचलेलासुद्धा पन्नाशीच्या आगेमागे परत येतो. म्हणजे ज्या वयात गावातल्या इतर पोरांचं कुठं बस्तान बसत असतं, त्या वयात हा 'पेन्शनीवर आला'. चाळिशीतला, पिळदार मिश्यांचा, पहाटे आठ किलोमीटर पळणारा पेन्शनर. देशातल्या बाकी पेन्शनरांना याच्याबद्दल काय वाटत असेल ते असो.

२०२२ पासून अग्निपथ योजना आली आणि हे गणितही बदललं. चार वर्षं नोकरी, त्यांतल्या पंचवीस टक्क्यांना पुढं ठेवणार, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनशिवाय, परत. पूर्वीचा फौजी परत यायचा तेव्हा पोरांच्या लग्नाचं बघायचा. हा परत येईल तेव्हा त्याचं स्वतःचं व्हायचं असेल. पोरगा फौजेत आहे म्हणून मुलगी द्यायची की फौजेतून येईल म्हणून थांबायचं, या पेचात पश्चिम महाराष्ट्रातले मध्यस्थ सध्या आहेत.

सेवापूर्तीचा सोहळा ही अलीकडची गोष्ट. पूर्वीचा जवान रात्रीच्या मुक्कामी गाडीनं यायचा, कुत्री भुंकायची, आई उठून पाणी ओवाळून टाकायची, संपलं. आता वेशीवर फ्लेक्स लागतो. त्यावर जवानाचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे. मध्ये तिरंगा, बाजूला वाघ. उघडी जीप येते, डीजे येतो, जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळली जातात. नियंत्रण रेषेवर दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून उभा राहिलेला माणूस त्या जीपमध्ये पहिल्यांदाच भांबावलेला दिसतो. पण मिरवणूक छान वाटते हे खरं, आणि त्याच्या बायकोला जीपवर शेजारी उभं करतात हे त्याहून बरं. कारण खरी सेवा तिचीही पूर्ण झालेली असते. निदान तिला त्या दिवशी तसं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून पेच सुरू होतो.

वीस वर्षं घर बाईनं चालवलेलं असतं. उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, सोसायटीचं कर्ज, सासऱ्याचा मोतीबिंदू, पोरांच्या शाळा, बांधावरून भावकीशी वाद, अशा सगळ्या आघाड्यांवर ती एकटी लढलेली. नवरा वर्षाकाठी साठ दिवसांच्या रजेवर यायचा तो पाहुण्यासारखा. आल्या दिवशी मटण, गेल्या दिवशी पुरणपोळी, मधल्या काळात त्याच्या अंगावर एक काम नाही. पेन्शनीवर आल्यावरही पहिले पंधरा दिवस तसेच जातात. सोळाव्या दिवशी ताटात पिठलं येतं आणि फौजीला कळतं की रजा संपली. फक्त या वेळी परतीचं वॉरंट नाही.

मग तो घराची तपासणी करायला घेतो. एका हवालदारानं घरात पाय टाकल्यापासून महिन्याच्या आत स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून घेतले. त्यावर चिठ्ठ्या डकवल्या, अक्षर टपोरं, खाली रेघ. चपला दाराशी 'दाहिने सज' करून एका ओळीत. पहाटे पाचला शिट्टी, पोरं अंगणात, रोल कॉल. पोरं दोनच, तरी गिनती रोज व्हायची. मंडळींनी आठवडाभर हे सोसलं. आठव्या दिवशी चहाच्या वेळी तिनं फळीकडं बघत शांतपणे विचारलं, "आवं, जिरं कुठल्या कंपनीत बदलून गेलंय? अल्फा का ब्राव्हो?" मेजरनी बोट दाखवलं त्या डब्यात साबुदाणा निघाला. "आन् ती शिट्टी म्हशीपाशी वाजवा," ती म्हणाली, "पान्हा तरी लवकर सोडंल." त्या संध्याकाळी डबे आपापल्या जुन्या जागी गेले. शिट्टी अजून खुंटीला आहे.

फौजीची बाहेरही अशीच पंचाईत होते, विशेषतः वेळेच्या बाबतीत. पत्रिकेत लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर हा बाराला मांडवात हजर. मांडवात आचारी, बँडवाले आणि हा. नवरदेव अजून मारुतीला निघालेला नसतो. तासाभरानं लोक जमायला लागतात तेव्हा यजमानाला वाटतं, मेजर सकाळपासून राबतायत. आणि पुढच्या लग्नाला वाढपी म्हणून त्यांचं नाव आधीच लिहिलं जातं.

फौजीच्या घरातली सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे ती काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दा बदलला की जुन्यावर काळा रंग फासून नवा लिहायचा, म्हणून तेवढाच भाग थरांनी जाड झालेला. बोट फिरवलं तर नोकरीभरातल्या बढत्या हाताला लागतात. पेन्शनीनंतर तिच्यात गोधड्या जातात, पाहुणे वाढले की तिच्यावर बसतात. नंबर मात्र पुसायचा नाही. लग्नाची तारीख विचारली तर मेजर बायकोच्या तोंडाकडं बघतात. पलटणीतला नंबर झोपेतून उठवून विचारा, एका दमात सांगतील. एटीएमच्या पिनपासून मोबाइलच्या कुलपापर्यंत सगळीकडं त्याच नंबरातले आकडे, आणि तो तर ट्रंकेवर ठळक लिहिलेला. मेजरचं खातं रिकामं कसं होत नाही याचं उत्तर गावच्या चांगुलपणात शोधावं लागतं.

चाळिशीतला माणूस घरी बसून राहणं शक्य नाही. घरच्यांनाही ते परवडत नाही. राज्य सरकारच्या गट क आणि ड नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के राखीव जागा आहेत. काही जण तिथं लागतात. तालुक्याच्या कचेरीत सकाळी पावणेदहाला एकच खुर्ची भरलेली दिसली तर ती माजी सैनिकाची. बाकीचे बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहतात. ती बंदूक चालवायची वेळ बहुतेकांवर येत नाही. चालवावं लागतं ते पेन. पैसे भरायची स्लिप कुठली, काढायची कुठली, पासबुकाचं मशीन आज चालू आहे का, साहेब जेवायला गेलेत का, आधार जोडायला काय लागतं हे सगळं बंदूकवाल्यालाच विचारायचं असतं. पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकावर बसलेले तर आणखी कडक. वहीत नोंद केल्याशिवाय सेक्रेटरीच्या मेव्हण्यालाही आत सोडत नाहीत. सेक्रेटरी चिडतात, पण पुढच्या सभेत पगारवाढ मंजूर करतात, कारण दुसऱ्या कुणाच्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलेलं नसतं.

आणि ॲकॅडमी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे उसाच्या ट्रॉल्यांच्या आधी पोरांची रांग पळताना दिसते. मागून मोटरसायकलवर, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, मेजर. १६०० मीटर, मग बीम, मग नऊ फुटांचा खड्डा. ज्याची शिट्टी घरात आठवडाभरच चालली, त्याच्या शिट्टीला इथं ऐंशी पोरं उठतात, तीही फी भरून.

हुद्दा मोठा असला तरी निवृत्तीनंतरची चुळबूळ सुटत नाही. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. १९६० साली त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चीन पूर्वेकडून कसा येईल ते दाखवून दिलं होतं. १९६१ साली ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चीन आला. नंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. होऊ घातलेल्या मामलेदारांनी त्या मुलाखतीच्या खोलीत किती ताठ बसावं लागलं असेल याची कल्पना करावी.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत ट्रक चालवायचे. १९७५ साली गावी परतले, फंडाचे पैसे घालून देऊळ दुरुस्त केलं, आणि मग गाव दुरुस्तीला काढलं. दारू पिणाऱ्यांना देवळाच्या खांबाला बांधून फौजी पट्ट्यानं फटके दिल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पाणलोटाचं काम बाकीच्या गावांनी जरूर उचलावं. पट्ट्याचं उचलू नये. पण पेन्शनीवर आलेला फौजी गावाकडं कुठल्या नजरेनं बघतो हे त्यातून कळतं. समोर गाव नसतंच. ऐन तपासणीच्या दिवशी गबाळी उभी राहिलेली पलटण असते.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट निराळी. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचा हा पोरगा लष्कराच्या ईएमई शाखेत होता, बॉक्सर होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यातच राहिली, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पोहायला लावलं, तर गडी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटरला विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पुढं पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ साली. पोहायला ३७ सेकंद लागले, पद्मश्रीला ४६ वर्षं.

सरकारी वेळ आणि फौजी वेळ यांचं हे असंच असतं. फील्ड मार्शल तर कधी निवृत्तच होत नाही, तहहयात सेवेत धरला जातो. तरीही सॅम माणेकशॉ यांना तीसहून अधिक वर्षांच्या पगाराची थकबाकी, एक कोटीहून जास्त रुपये, मिळाली ती २००७ साली, नव्वदी ओलांडल्यावर. बांगलादेश तेरा दिवसांत झाला होता.

मग नाईक-हवालदारांचं काय घेऊन बसलात! १९८५ साली निघालेल्या हवालदाराला, तितकीच नोकरी करून वीस वर्षांनी निघालेल्या हवालदारापेक्षा पेन्शन कमी असायची. भाकरी तेवढीच लागते, किंबहुना आधीच्याला औषधं जास्त लागतात. म्हणून 'समान हुद्दा, समान पेन्शन'ची मागणी कित्येक दशकं चालली; जून २०१५ मध्ये माजी सैनिक पदकं लावून दिल्लीत जंतरमंतरवर बसले; ५ सप्टेंबरला घोषणा झाली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली. या काळात गावोगावचे पार म्हणजे गणिताचे क्लास झाले होते. सातवीत गणितात नापास झालेले मेजर महागाई भत्त्यासकट थकबाकी तोंडी काढू लागले. त्यांचा आणि बँकेचा आकडा जुळला नाही तर चूक कुणाची असेल याबद्दल पारावर दुमत नव्हतं.

पारावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. युद्धाच्या सगळ्यांत थरारक हकिगती जो सांगतो, तो बहुधा स्टोअरला होता. १९७१ ला खरंच पुढं असलेला म्हातारा विचारलं तर लंगरच्या पुऱ्यांबद्दल बोलतो, बर्फात गोठलेल्या अंड्यांबद्दल बोलतो, एका खेचराबद्दल तर अर्धा तास बोलतो. लढाईचं विचारलं की तंबाखू मळायला घेतो.

गावाला मात्र युद्धापेक्षा कॅन्टीनमध्ये रस असतो. लष्कराचं कॅन्टीन खातं १९४८ साली जवानांना स्वस्तात माल मिळावा म्हणून निघालं. महाराष्ट्रात त्याचा लाभार्थी म्हणजे जवान, त्याची बायको, पोरं, मेव्हणे, साडू, व्याही आणि वायरमन. "मेजर, उद्या जिल्ह्याला निघालाय म्हणं?" ही बातमी त्यांच्या आधी गावाला कळते. कुणाला कुकर हवा असतो, कुणाला चाकाची बॅग, कुणाला साबणाची पेटी. हे सगळे मोठ्यानं सांगतात. काही जण काहीच न सांगता नुसते जवळ येऊन उभे राहतात. त्यांना रम हवी असते. ती हुद्द्याप्रमाणे मोजून मिळते, विकायला तर सक्त मनाई, त्यामुळं मेजर कुणाला किती जवळचा मानतात हे दर महिन्याला गावाला स्पष्ट कळतं. सगळ्यांत जास्त मित्र असतात ते माळकरी फौजीला. त्याचा अख्खा कोटा शिल्लक असतो.

२०२० पासून राज्यात माजी सैनिकाला घरपट्टीही माफ झाली, तेव्हा भावकीतल्या काहींनी 'मजा आहे मेजरची' असं म्हणून घेतलं. मजा असते, पण तिला रांग असते. २००३ साली माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. जिल्ह्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये मेजर सकाळी सातला नंबर लावतात, कार्ड, फाइल, जुन्या चिठ्ठ्या पिशवीत नीट लावलेल्या. रांग मोडणाऱ्याला तिथं सिव्हिलियन म्हणतात. त्याहून मोठी शिवी त्यांच्याकडं नाही असं नाही, पण बायकामाणसांसमोर हीच चालते.

माजी सैनिकांचा दिवस १४ जानेवारीला असतो, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले. महाराष्ट्रात बहुधा त्याच दिवशी संक्रांत येते. तोफखान्यात कान गेलेले सुभेदार समोरच्या माणसाला तिळगूळ देऊन 'गोड बोला' असं ज्या आवाजात बजावतात, त्यानंतर गोड बोलण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पेन्शनरानं वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायचं असतं. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर होऊ लागलं. पण निम्मं आयुष्य बंदुकीच्या दस्त्यावर आणि निम्मं खुरप्याच्या मुठीवर गेलेल्या अंगठ्यावर रेषा राहतील कशा? यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. मेजर म्हणतात, "मग मी कोण हाय?" पुढं चेहऱ्यावरून ओळखणारं ॲप आलं. नात मोबाइल धरते, आजोबा सावधान. "आबा, डोळे मिचकवा." आबा मिचकवत नाहीत. तोफा सुरू असताना पापणी लवू न दिलेला माणूस, नातीच्या सांगण्यावरून फोनपुढं काय मिचकवणार? तीनदा प्रयत्न फसतो. शेवटी आजी मागून म्हणते, "आगं, तव्यावर मिरच्या टाक." डोळे आपोआप मिचकतात, मेजर आणखी एक वर्ष जिवंत ठरतात. ओटीपी पुण्याला पोराच्या फोनवर गेलेला असतो, तो तेवढा राहतो.

पेन्शनीत सगळ्यांत गोड गोष्ट येते ती ऐंशीला. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनीवर वीस टक्के जास्त, ८५ ला तीस, ९० ला चाळीस, ९५ ला पन्नास, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. आता मेजरचं वय हा स्वतंत्र विषय आहे. शाळेत मास्तरांनी १ जून ठोकलेला; भरतीच्या वेळी वर्ष-दोन वर्षं कमी पडत होती म्हणून बापानं ती वाढवून सांगितलेली. तेव्हाच्या त्या लबाडीला आता व्याज लागतं, कारण खऱ्या अठ्ठ्याहत्तरीतच कागदावर ऐंशी भरते. घरातही माणसाची किंमत कळायला लागते. दूध साईसकट येतं, थंडी वाजायच्या आधी स्वेटर पुढं होतो.

असेच एक कागदी एकोणऐंशीचे सुभेदार मे महिन्यात आंब्यावर चढले. खालून सुनेनं आवाज दिला, "मामांजी, खाली उतरा!"

"का? हात मोडला न्हाय माझा!"

"मोडला तरी चालंल, पण एक जूनच्या आत कायबी करायचं न्हाय. मग खुशाल चढा."

सुभेदारांनी वरूनच विचार केला, आंब्याची पिशवी दोरीनं खाली सोडली आणि म्हणाले, "हुकूम मंजूर. पर पंच्याऐंशीचं आत्ताच लिहून ठेव, तवा परत अडवशील."